तुमच्या-माझ्या पेन्शनचा ताळेबंद : इंदूरच्या आमदार-खासदारांना खुलं पत्र

प्रति,
इंदूर जिल्ह्याचे नऊही आमदार आणि इंदूरचे खासदार यांस,

सविनय नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या भागातल्या एका मंडळात तुमच्यापैकी एक जण आरतीला आले होते. आरती झाली, शाल-नारळ झाला, मग माइक हातात आला. मंडळ मराठी म्हणून पहिली दोन वाक्यं मराठीत झाली आणि मग गाडी नेहमीप्रमाणे हिंदीवर आली. "मैं भी आप ही की तरह तनख्वाह वाला आदमी हूँ. सरकार जो देती है, उसी में घर चलता है." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. प्रसाद यायला वेळ होता आणि हात मोकळेच होते.

ते कोण, हे लिहीत नाही. हेच वाक्य गेल्या चाळीस वर्षांत मी वेगवेगळ्या पक्षांच्या तोंडून ऐकलं आहे, तेव्हा एकट्यावर कशाला घ्यायचं? पण या वेळी ते डोक्यातून गेलं नाही. मी जन्मभर हिशेब लिहिले. कुणी "तुमच्याइतकंच" म्हणालं की माझा हात आपोआप वहीकडे जातो. त्या रात्री दोन रकाने आखले. डावीकडे 'आपण', उजवीकडे 'मी'. हे पत्र म्हणजे त्या पानाची नक्कल समजा.

आधी उजवा रकाना. वय ६२. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात हिशेबनीस होतो, २०२१ मध्ये निवृत्त झालो. रोजमेळ, खतावणी, बँकेची जुळणी, कामगारांचे पगारपत्रक, पीएफचं चलन, सगळं माझ्या हातचं. तीस वर्षांत एकदाही रोकड शिल्लक आणि वही यांत फरक पडून रात्री घरी गेलो नाही. ईपीएस-९५, म्हणजे १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना, तिच्याखाली मला महिन्याला ३,४१२ रुपये पेन्शन मिळतं. बायको भंवरकुआंच्या बाजूला राहणाऱ्या कोचिंगच्या मुलांना डबे देते, मुलगा पुण्याहून काही पाठवतो, थोडं मुदत ठेवीचं व्याज येतं. भागतं. रड सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही.

आता डावा रकाना. आकडे सरकारच्याच अधिसूचनेतले आहेत, माझ्या पदरचे नाहीत. २४ मार्च २०२५ च्या अधिसूचनेने खासदारांचा पगार एक लाखावरून १,२४,००० झाला. मतदारसंघ भत्ता ७०,००० चा ८७,०००. कार्यालयाचा खर्च ६०,००० चा ७५,०००, त्यातले ५०,००० मदतनिसाचे. अधिवेशनात हजेरी लावली की दिवसाचे २,५०० वेगळे. माजी खासदाराचं पेन्शन २५,००० वरून ३१,०००, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला आणखी २,५००. शिवाय घर, वर्षाला ३४ विमानप्रवास, ५०,००० युनिट वीज.

यातला एक आकडा मी लाल पेनाने गोल केला. पेन्शनमध्ये झालेली नुसती वाढ ६,००० रुपयांची. माझं अख्खं पेन्शन त्या वाढीच्या निम्म्याहून जरासं जास्त आहे.

पण माझी तक्रार रकमेबद्दल नाही. हे नीट वाचावं, कारण "जळतात आमच्यावर" असं म्हणून असली पत्रं बाजूला टाकली जातात. खासदाराला कार्यालय लागतं, माणसं लागतात. इंदूर लोकसभेत आठ विधानसभा क्षेत्रं आणि पंचवीस लाखांवर मतदार आहेत. दारात रोज पन्नास माणसं येत असतील तर नुसत्या चहाचं बिल माझ्या पेन्शनइतकं होत असेल. माझी तक्रार आहे ती त्या वाढीमागच्या नियमाची.

२०१८ च्या वित्त अधिनियमाने तुम्ही सोय करून घेतली की खासदारांचा पगार दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढावा. आपोआप. मोर्चा नको, धरणं नको, मंत्र्याला निवेदन देतानाचा फोटो नको. मला ही पद्धत मनापासून पटते. महागाई वाढली की पगार वाढावा, यात गैर काय? फक्त हीच पद्धत ईपीएस-९५ च्या पेन्शनला का नाही? त्याचं किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. तेव्हाही हजार, आजही हजार. माझे ३,४१२ निवृत्तीच्या दिवशी होते तेवढेच आज आहेत आणि मी नव्वद वर्षांचा झालो तरी तेवढेच राहतील, कारण या योजनेत महागाई भत्ता नावाचा रकानाच नाही. तूरडाळ काय तुमच्यासाठी वेगळ्या भावाने वाढते? मारोठिया बाजारात तुमचा-माझा भाव एकच.

दुसरी गोष्ट थकबाकीची. २०२५ च्या मार्चमध्ये निघालेली ही वाढ लागू झाली १ एप्रिल २०२३ पासून. म्हणजे जे त्या सगळ्या काळात खासदार होते त्यांना नुसत्या पगाराच्या फरकापोटी २४ महिन्यांचे २४,००० प्रमाणे ५,७६,००० रुपये. माझ्या पेन्शनने एवढी रक्कम जमायला चौदा वर्षं लागतात. बायको म्हणाली, "वनवासच की."

आता त्याशेजारी इंदूरचाच एक आकडा ठेवतो. हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली. कामगारांच्या घेण्याचा निकाल लागून पैसे सुटले ते २५ डिसेंबर २०२३ ला. सरकारने सांगितलेला आकडा सुमारे २२४ कोटी रुपये आणि सुमारे ४,८०० कामगार. भागाकार तुम्हीही करू शकता, सरासरी माणशी पावणेपाच लाखांच्या आत येतं. ज्यांनी कापड विणलं त्यांना एकतीस वर्षं थांबून जे मिळालं, त्याहून जास्त रक्कम दोन वर्षांच्या 'फरका'त निघाली. त्या एकतीस वर्षांत कितीतरी कामगार गेले आणि धनादेश घ्यायला त्यांच्या विधवा किंवा मुलं आली. धनादेश वाटपाचा मोठा कार्यक्रम झाला, भाषणं झाली. तुमच्या थकबाकीचा असा कार्यक्रम झालेला मी तरी पाहिला नाही.

तिसरी, किमान वेतनाची. ही भोपाळची गोष्ट, म्हणून आमदारांसाठी. कायद्याप्रमाणे किमान वेतनाचे दर पाच वर्षांच्या आत तपासायचे. आपल्या राज्यात २०१४ नंतर मूळ दर वाढले थेट एप्रिल २०२४ ला, आणि महिन्याभरात कारखानदार कोर्टात गेले, स्थगिती आली. मधली वर्षं पगारपत्रक मीच लिहीत होतो. पॅकिंग खात्यातली बाई दर एप्रिलला खिडकीशी येऊन विचारायची, "बाबूजी, रेट बढ़ा क्या?" मी मान हलवायचो. दोनतीन वर्षांनी तिने विचारणं सोडलं, नुसती बघून पुढे जायची. त्याच काळात, २०१६ मध्ये, आमदारांचं सगळं धरून महिन्याचं १,१०,००० झालं. त्यात पगार म्हणून ३०,००० आणि बाकी भत्ते. ही युक्ती आमच्या सेठजींनाही ठाऊक होती. बेसिक कमी ठेवायचा, भत्ते फुगवायचे. त्यांचा हेतू पीएफ वाचवण्याचा असायचा. तुमचा काय, ते तुम्ही सांगा. खासदारांचा दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता करमुक्त आहे, एवढंच नोंदवून ठेवतो.

चौथी विजेची. इथे जरा थांबतो, कारण हे माझ्या घरात रोज घडतं.

मध्य प्रदेशात महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. १५१ वं युनिट पडलं की सवलत पूर्ण जाते. योजना चांगली आहे, खोटं बोलणार नाही. पण ती आमच्याकडून काय करवून घेते ते बघा. जिन्याखाली मीटर आहे. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तिकडे कुणी फिरकत नाही. विसाव्या दिवसानंतर बायको रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर खाली जाते आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा पाठ करत वर येते. मी मागच्या रीडिंगमधून वजाबाकी करतो. १३५ च्या आत असलो तर ती काही बोलत नाही. पुढे गेलो असलो की मिक्सर बंद, चटणी पाट्यावर. वॉशिंग मशीन बंद. कूलर रात्री बारानंतर बंद आणि खिडकी उघडी. मे महिन्यात इंदूरची रात्र काय असते, हे मी तुम्हाला सांगायला नको, अशी आशा आहे. रीडिंगवाला एक दिवस उशिरा आला तर आमच्या घरात सुतक असल्यासारखी शांतता असते. वर्षाला आम्ही जास्तीत जास्त १,८०० युनिटं जाळतो. एका खासदाराच्या एका वर्षाच्या फुकट विजेत माझं घर जवळजवळ अठ्ठावीस वर्षं चालेल. तोवर मी नसेन. कूलरही नसेल.

वीज फुकट मिळाल्याने माणूस वाईट होत नाही. त्याला फक्त १५१ व्या युनिटाचा अर्थ कळेनासा होतो. आणि मग त्या माणसाने विजेच्या धोरणावर मान हलवायची.

पाचवी अगदी थोडक्यात. दर वर्षी मला मी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. मागच्या खेपेला बँकेच्या एका शाखेत मशीन माझा अंगठा घेईना. काउंटरवरच्या मुलाने चार बोटं करून पाहिली आणि म्हणाला, "अंकल, अंगूठा घिस गया है." तीस वर्षं पानं उलटून आणि नोटा मोजून झिजला असणार. तीन फेऱ्या झाल्या, मग चेहऱ्यावरून ओळख पटली. मुलगा बिचारा चांगला होता. पण दोन महिने पेन्शन अडकलं.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा मीच मांडतो, म्हणजे उत्तर देताना वेळ वाचेल. पगार कमी केला तर राजकारणात फक्त पैसेवाले येतील, असं म्हणतात. अगदी खरं. पगार हवाच. इंग्लंडमध्ये चार्टिस्ट कामगारांनी १८३८ मध्ये जी सनद काढली, तिच्यात खासदारांना पगार द्या अशी मागणी होती, कारण पगाराशिवाय कामगार संसदेत बसूच शकत नव्हता. ती पुरी व्हायला १९११ उजाडलं. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने खासदाराला महिना ४०० रुपये ठरले. त्या काळात, १९६२ मध्ये, गिरणी कामगारांचे पुढारी होमी दाजी इंदूरमधून लोकसभेत गेले. युनियनचा माणूस दिल्लीत राहू शकला, यामागे तो पगारही होता. तेव्हा खासदारांनी फुकट काम करावं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. कराची काँग्रेसने १९३१ मध्ये ठरवलं होतं की सरकारी सेवकाला साधारणपणे महिना ५०० रुपयांहून जास्त देऊ नये. तो ठराव वाचायला छान आहे, चालवायला अवघड आहे, आणि तो कुणी चालवला नाही.

पण मग हा ताळेबंद जुळवून दाखवा. लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख खर्च करायची मुभा आहे. १,२४,००० प्रमाणे पाच वर्षांचा पगार होतो ७४ लाख ४० हजार. कायदेशीर मर्यादेत राहून निवडणूक लढवली तरी नुसत्या पगारातून खर्च निघत नाही, वीस लाखांचा खड्डा राहतो. पक्ष देतो, देणगीदार देतात, हे मला माहीत आहे. पण असा धंदा आमच्या सेठजींनी दोन मिनिटांत नाकारला असता, आणि जो स्वीकारेल त्याच्या वह्या तपासायला मला पाठवलं असतं. निवडणुकांवर नजर ठेवणाऱ्या एडीआर या संस्थेने उमेदवारांच्याच शपथपत्रांवरून मोजलं, तर २०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ पैकी ५०४ खासदार कोट्यधीश निघाले. म्हणजे पगार, भत्ते, निर्देशांक सगळं देऊनही होमी दाजींसारखा माणूस आत जात नाही तो नाहीच. मग तो युक्तिवाद कुणासाठी?

राहिला प्रश्न, तुम्ही आमच्यासारखं राहावं का? वहीच्या त्या पानाखाली मी आधी लिहिलं होतं की प्रत्येक आमदार-खासदाराने वर्षातून एक महिना ३,४१२ रुपयांत काढावा. बायकोने वाचलं आणि पेन मागून घेऊन ती ओळ खोडली. म्हणाली, "एक महिना कुणीही राहील. महिना संपणार हे माहीत असतं ना." मला त्यावर उत्तर सुचलं नाही. म्हणून झोपडीत मुक्काम, कुणाच्या घरी जमिनीवर बसून जेवण, एक दिवस सिटी बसचा प्रवास, मागे कॅमेरा, असलं काहीही मी मागत नाही. कृपा करून करूही नका. बसमध्ये आधीच जागा नसते.

आपल्याच गावात याहून चांगला दाखला आहे. होळकरांच्या राज्यात दोन खाती होती, दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे राज्याचा पैसा. फौज, वसुली, कारभार त्यातून. खासगी म्हणजे राणीची स्वतंत्र जहागीर. पहिल्या बाजीरावाने १७३४ मध्ये ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना लावून दिली आणि त्यांच्यामागे ती अहिल्याबाईंकडे आली. देशभरातल्या ज्या घाटांचं, देवळांचं, धर्मशाळांचं पुण्य आपण अहिल्याबाईंच्या नावावर सांगतो, तो खर्च त्यांनी या खासगीतून केला. नाव त्यांचं आणि पैसाही त्यांचाच. आज उलटं आहे. आमच्या बागेतल्या सिमेंटच्या बाकांवर तुमचं नाव लाल रंगात, पाण्याच्या टँकरवर तुमचं नाव, बसस्टॉपच्या छपरावर तुमचं नाव. खाली बारीक अक्षरांत 'विधायक निधि से'. निधी दौलतीतला आणि नाव मात्र खासगी. २० मे २०२५ ला राज्याचं मंत्रिमंडळ राजवाड्यात बसलं होतं, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीनिमित्त. त्या वास्तूत बसताना ही दोन खाती कुणाला आठवली असतील का, असं मनात आलं.

हिंदीत तुम्ही विधायक आणि सांसद. आम्ही घरात मराठीत आमदार, खासदार म्हणतो. 'आम' आणि 'खास' हे शब्द कुठून कसे आले त्यात मी शिरत नाही, पण आमदार म्हणताना जीभ अलीकडे जरा अडखळते.

दोन खाती वेगळी करता येतात, याचा पुरावा तुमच्याच घरात आहे. १९७२ पासून आपल्या राज्यात मंत्र्यांचा आयकर सरकारी तिजोरीतून भरला जात होता. मी सेठजींकडे लागलो तेव्हापासून माझा कर पगारातूनच कापला गेला. आणि मंत्र्यांचा कर, माझ्यासकट सगळ्यांच्या करातून. २५ जून २०२४ ला मंत्रिमंडळाने ठरवलं की यापुढे मंत्री आपला कर आपण भरतील. बावन्न वर्षं गेली, पण झालं. आकाश कोसळलं नाही, कुणी राजीनामा दिला नाही. मी त्या दिवशी बातमी कापून वहीत चिकटवली. चांगल्या कामाची पावती द्यायला मी कद्रू नाही.

शाळांचंही लिहिणार होतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०१५ ला उत्तर प्रदेश सरकारला सांगितलं होतं की सरकारी नोकर आणि लोकप्रतिनिधी यांची मुलं सरकारी प्राथमिक शाळांत शिकतील अशी व्यवस्था करा. पुढे काय झालं हे तुम्ही जाणता, शाळाही जाणतात. हूटरचंही लिहिणार होतो, लाल दिवा मे २०१७ ला गेला आणि आवाज राहिला. पण पत्र लांबतंय.

मागण्या लिहितो. कोणत्या कुणासाठी तेही लिहितो, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला नको.

खासदार महोदय, पगाराला जो महागाई निर्देशांक तुम्ही लावून घेतला, तोच ईपीएस-९५ च्या पेन्शनला लावा, सप्टेंबर २०१४ पासून मोजून. पेन्शनरांच्या संघटना ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागतात, त्यांचं बरोबर आहे. मी त्याहून कमी मागतो, फक्त तुमचं सूत्र. शुक्रवारी खासगी विधेयकांची वेळ असते, त्यात हे एक विधेयक इंदूरच्या नावाने येऊ दे. तिजोरीला झेपत नाही असं उत्तर असेल, तर त्याच दिवसापासून स्वतःचा निर्देशांकही काढून टाका.

खासदार आणि आमदार दोघांनाही, आपला पगार आपण ठरवणं बंद करा. राज्यघटनेच्या १०६ आणि १९५ या कलमांनी तो अधिकार सभागृहांना दिला आहे. खासदारांच्या पेन्शनविरुद्धची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये हा विषय संसदेचा ठरवला. म्हणजे बदलही तुम्हीच करू शकता, आम्ही नाही. ब्रिटनमध्ये खर्चाचा घोटाळा उघड झाल्यावर २००९ मध्ये बाहेरची स्वतंत्र संस्था नेमली आणि खासदारांचा पगार आता तीच ठरवते. कारखान्यात मी सगळ्यांचं पगारपत्रक लिहायचो. माझ्या स्वतःच्या ओळीवर सही मात्र मालकाची लागायची.

पेन्शनबद्दल दोघांनाही. एका माणसाला एकच पेन्शन. आमदारकीचं वेगळं, खासदारकीचं वेगळं, हे नको. पंजाबने २०२२ मध्ये निदान आमदारांपुरतं केलं की कितीही वेळा निवडून या, पेन्शन एकाच कार्यकाळाचं. शेजारच्या गुजरातमध्ये तर माजी आमदारांना पेन्शनच नाही, आणि तिथे निवडणुकीला उमेदवार मिळत नाहीत असं मी ऐकलेलं नाही. शिवाय त्या एका पेन्शनसाठी पगारातून वर्गणी कापा. राज्यात १ जानेवारी २००५ नंतर नोकरीला लागलेल्या मास्तराच्या पगारातून पेन्शनसाठी दरमहा कापलं जातं. तुमचं का नाही?

आमदारांना आणखी दोन. दर १ एप्रिलला प्रत्येकाने एक पान काढावं. पगार, प्रत्येक भत्ता, प्रवास, औषधपाणी, वीज, घर, जे जे तिजोरीतून गेलं ते. साध्या हिंदीत, प्रत्येक झोन कार्यालयाच्या बाहेर लावलेलं. पान मांडायला मदत लागली तर मी मोकळा आहे, मानधन नको. आणि निधीतून झालेल्या प्रत्येक बाकावरची, टँकरवरची, छपरावरची नावं पुसा. तारीख आणि रक्कम ठेवा.

एवढंच. यात शिवी नाही, पक्ष नाही. २०२४ च्या लोकसभेत इंदूरच्या २,१८,६७४ मतदारांनी 'नोटा'चं बटण दाबलं होतं. कारणं निरनिराळी असतील, काही त्या वेळच्या राजकारणाची. मी त्यांत नव्हतो. मी उमेदवाराला मत दिलं, म्हणून हे विचारायचा हक्क मला जरा जास्तच वाटतो.

विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनापर्यंत तुमच्या उत्तराची वाट पाहीन. छापील उत्तर नको, "आपका पत्र प्राप्त हुआ" असलं तर मुळीच नको. मागण्यांपुढे नुसतं 'होय' किंवा 'नाही' लिहून पाठवलं तरी चालेल. पुढच्या गणपतीत तुमच्यापैकी जे कुणी आरतीला येतील, त्यांना मी ते पान दाखवीन, आणि "तनख्वाह वाला आदमी" म्हणणारे तेच असतील तर माझा उजवा रकाना त्यांच्यासमोर मोठ्याने वाचीन. मंडळाच्या पोरांशी बोलणं झालं आहे, माइक देतो म्हणालेत.

कळावे,
आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
लोकमान्य नगर, इंदूर

ता. क. : पत्र नीट उतरवून काढेपर्यंत दिवेलागण झाली. बायको आत्ताच मीटर बघून आली. १४३. रीडिंगला अजून दोन दिवस आहेत. मिक्सर बंद झाला आहे.